बुद्धिबळाची कोडी कशी सोडवावीत?

बुद्धिबळाच्या पटावर काही मोहरी मांडलेली असतात आणि खाली एवढेच शब्द असतात : 'पांढऱ्याने खेळून जिंकावे', किंवा 'चार खेळींत मात करावी'. डाव कोणी सुरू केला, ही मोहरी येथवर कशी आली, ह्याची विचारपूस करण्याचे कारण नसते. समोर जे आहे त्यातूनच मार्ग काढावयाचा असतो. अशा मांडणीला आपण कोडे म्हणतो. नवशिक्या खेळाडूला खेळ शिकवण्याचे जे अनेक उपाय आजवर योजले गेले, त्यांत ह्या उपायाइतका जुना आणि खात्रीचा उपाय क्वचितच सापडेल.

त्याचे जुनेपण एका शब्दातच साठवलेले आहे. नवव्या आणि दहाव्या शतकांत बगदादच्या खलिफांच्या दरबारी अल्-अद्ली व अस्-सूली ह्यांच्यासारखे नामांकित खेळाडू होऊन गेले. त्यांनी डावातील कठीण प्रसंग वेगळे काढून त्यांचे संग्रह केले. अशा मांडलेल्या प्रसंगाला अरबीत 'मन्सूबा' म्हणत. हाच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि 'मनसुबा' होऊन बेत ह्या अर्थाने रुळला. मनसुबा रचणे म्हणजे पुढच्या चार गोष्टी आधीच मनात मांडून ठेवणे, हे सांगताना आपण नकळत बुद्धिबळाच्या पटाचीच भाषा बोलत असतो. आपल्याकडेही ही परंपरा होती. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांचे एक पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत येऊन छापले गेले. त्यात मुख्यतः अशाच मांडलेल्या स्थिती होत्या, आणि शिकणाऱ्याची तयारी व्हावी हाच त्यांचा हेतू होता.

तरीही अनुभव असा आहे की, पुष्कळ नवशिके कोडी सोडवू लागतात आणि थोड्याच दिवसांत ती सोडून देतात. त्यांच्या मनाने घेतलेले असते की, कोडे सुटणे हे प्रतिभेचे काम आहे. ज्याला ती लाभली त्याला उत्तर 'सुचते', इतरांना सुचत नाही. ही समजूत चुकीची आहे. कोडे सोडवण्याची एक रीत आहे आणि ती कोणालाही शिकता येते. तिची ओळख करून देणे हाच ह्या प्रकरणाचा उद्देश होय.

पूर्वतयारी

पटावरील घरांची नावे प्रथम पक्की करावीत. पांढऱ्याच्या बाजूने पाहिले असता डावीकडून उजवीकडे आठ उभ्या ओळी आहेत. त्यांना अनुक्रमे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी आणि एच म्हणतात. आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूकडून १ ते ८ असे आकडे आहेत. ज्या उभ्या व आडव्या ओळीत घर येते, त्या दोहोंचे मिळून त्याचे नाव होते. पांढरा राजा आरंभी ई१ वर असतो, काळा राजा ई८ वर. ही नावे पट न पाहता आठवता येऊ लागली म्हणजे निम्मे काम झाले असे समजावे.

मोहऱ्यांच्या बळाचा ढोबळ हिशेबही जवळ असावा. प्याद्याचे मोल एक धरले तर घोडा व उंट ह्यांचे प्रत्येकी तीन, हत्तीचे पाच आणि वजिराचे नऊ धरतात. राजाला मोल नाही, कारण तो गेला की डावच गेला.

ज्या वाचकांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून देशी पद्धतीचा खेळ शिकला असेल, त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. देशी खेळात प्यादे आरंभीही एकच घर चालते, आणि शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. येथील सर्व कोडी आंतरराष्ट्रीय नियमांची आहेत; त्यांत राजाला अशी उडी नाही.

आधी पाहावे, मग विचार करावा

कोडे समोर येताच नवशिका लगेच खेळी शोधू लागतो. 'घोडा इकडे नेला तर? वजीर तिकडे नेला तर?' अशी त्याच्या मनाची धावाधाव सुरू होते. जाणता खेळाडू असे करीत नाही. तो प्रथम पाहतो.

ह्या भेदाचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. आड्रियान द ग्रूट हे हॉलंडचे मानसशास्त्रज्ञ स्वतः उत्तम बुद्धिबळपटू होते. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्यांनी श्रेष्ठ खेळाडू आणि त्यांच्याहून कमी प्रतीचे खेळाडू विचार कसा करतात ह्याची तुलना केली. श्रेष्ठ खेळाडू फार अधिक खेळी पुढचे पाहतात अशी सर्वांची अपेक्षा होती. तसा मोठा फरक त्यांना आढळला नाही. फरक होता तो पटाकडे पाहताक्षणी काय ध्यानात येते ह्यात. पुढे १९७३ साली अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन ह्यांनी हाच धागा पुढे नेला. खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद दाखवून ती झाकली, तर निष्णात खेळाडू सुमारे सोळा मोहरी अचूक मांडी. नवशिक्याला चारेक मोहरीच मांडता येत. परंतु तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून दाखवली, तेव्हा निष्णाताची ही श्रेष्ठता जवळजवळ नाहीशी झाली. निष्णाताची स्मरणशक्ती अलौकिक नसते, असा ह्याचा अर्थ होतो. मोहऱ्यांचे अर्थपूर्ण गट त्याच्या ओळखीचे झालेले असतात. आपण 'महाराष्ट्र' हा शब्द वाचताना अक्षरे मोजत बसत नाही. तसा तो 'किल्लेकोटात बसलेला राजा, पुढे तीन प्यादी' हा गट एका नजरेत वाचतो.

कोडी सोडवण्याचा खरा लाभ येथे आहे. प्रत्येक कोडे म्हणजे अशा एका गटाची ओळख. मात्र ओळख होण्यासाठी नीट पाहावे लागते. म्हणून खेळी शोधण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला : दोन्ही राजे कोठे आहेत आणि त्यांना सरकण्यास कोणती घरे मोकळी आहेत? दुसरा : कोणत्या मोहऱ्याला कोणाचाच आधार नाही? तिसरा : कोणत्या मोहऱ्यावर एकाच वेळी दोन कामांचा भार आहे, किंवा कोणते मोहरे हलले तर मागचे उघडे पडेल? जवळजवळ प्रत्येक कोड्याचे बीज ह्या तीन प्रश्नांपैकी एकाच्या उत्तरात असते.

पहिले कोडे. पांढरा : राजा जी१, हत्ती ई१, प्यादी ए२, एफ२, जी२, एच२. काळा : राजा जी८, हत्ती बी२, प्यादी ए७, एफ७, जी७, एच७. खेळी पांढऱ्याची.

पहिला प्रश्न विचारा. काळ्या राजाला मोकळे घर कोठे आहे? पुढची तिन्ही घरे त्याच्याच प्याद्यांनी अडवली आहेत; त्याला फक्त आठव्या ओळीत आडवे सरकता येईल. त्या ओळीचे रक्षण करू शकणारा हत्ती दूर बी२ वर आहे. पांढऱ्याने हत्ती ई८ वर नेला की शह बसतो. हत्तीला मारणारे कोणी नाही. मध्ये एफ८ वर येऊन आड होणारे कोणी नाही. राजाला जाण्यास जागा नाही. मात झाली.

कोडे सोपे आहे. परंतु ते येथे सोडून देऊ नये. आता त्यात एकच बदल करा. काळ्याचे प्यादे एच७ ऐवजी एच६ वर ठेवा. पांढऱ्याने तीच खेळी केली असता राजा एच७ वर निसटतो. दुसरा बदल करा : प्यादे पुन्हा एच७ वर आणि काळा हत्ती बी२ ऐवजी बी८ वर. आता ई८ वर गेलेला पांढरा हत्ती सरळ मारला जातो. एका मोहऱ्याच्या एका घराने उत्तराचे खरे-खोटे ठरते. 'अशा वेळी हत्ती शेवटच्या ओळीत न्यावा' हे पाठ केलेले सूत्र म्हणजे अर्धवट ज्ञान होय. ते कोणत्या अटींवर खरे ठरते हे कळले तरच ते आपले होते.

शह, मार, धमकी

पाहणे झाले; आता शोधण्यास आरंभ करावा. कोणत्याही स्थितीत तीस-चाळीस खेळी शक्य असतात. सगळ्याच तपासू लागलो तर दिवस पुरणार नाही. त्यातून वाट काढण्याचा नियम असा : ज्या खेळीला प्रतिपक्षाजवळ सर्वांत थोडी उत्तरे आहेत, ती आधी पाहावी. शह दिला असता राजाला वाचवावेच लागते, म्हणून सर्व शह प्रथम. मोहरे मारले असता बहुधा परत मारावे लागते, म्हणून सर्व मार त्यानंतर. मातेची किंवा मोठे मोहरे जिंकण्याची धमकी सर्वांत शेवटी. ह्या क्रमातील 'सर्व' हा शब्द महत्त्वाचा आहे. जो शह पाहताक्षणी वेडगळ वाटतो तोही मोजावा, कारण कोड्याचे उत्तर पुष्कळदा त्यातच दडलेले असते.

दुसरे कोडे. पांढरा : राजा जी२, हत्ती एच१, घोडा ई५, प्यादी ए२, एफ२, जी३. काळा : राजा जी८, वजीर डी६, प्यादी ए७, एफ७, जी७. खेळी पांढऱ्याची.

काळ्या वजिराने पांढऱ्या घोड्यावर रोख धरला आहे. नवशिक्याच्या मनात पहिला विचार येतो तो घोडा वाचवण्याचा. तो विचार क्षणभर बाजूला ठेवून क्रम पाळा. पांढऱ्याजवळ शह किती? मोजून पाहिले तर एकच : हत्तीने एच८ वर दिलेला. मार किती? तोही एकच : घोड्याने एफ७ वरील प्यादे घेणे. दोन्हींचा परिणाम पाहू.

घोड्याने आधी प्यादे घेतले तर त्याचा रोख वजिरावर पडतो खरा. पण काळा राजा घोड्यालाच मारतो आणि सारे संपते. म्हणून दुसरी वाट. हत्ती एच८ वर, शह. हत्तीला आधार नाही, तो उघड उघड मरणार. म्हणून ही खेळी वेडगळ दिसते. परंतु काळ्याजवळ उत्तर तरी दुसरे कोणते आहे? एच७ वर हत्तीचा रोख आहे, आठव्या ओळीत इतरत्र गेले तरी शह कायम राहतो, आणि एफ७ व जी७ ही घरे त्याच्याच प्याद्यांनी व्यापली आहेत. राजाने हत्ती मारलाच पाहिजे. तो एच८ वर गेला की एफ७ चे रक्षण सुटते. आता घोडा एफ७ वरील प्यादे घेतो आणि एकाच उडीत राजाला शह व वजिरावर रोख असा दुहेरी मारा करतो. राजा हलतो, घोडा वजिराला घेतो. पाच मोलाचा हत्ती देऊन दहा मोलाचे बळ हाती आले. आणि उरलेल्या डावात पांढऱ्याजवळ घोडा आहे, काळ्याजवळ प्याद्यांखेरीज काहीच नाही.

येथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दोन्ही खेळी त्याच होत्या. क्रम बदलताच एक वाट विनाशाची आणि दुसरी विजयाची ठरली. आणि बळी देण्यात धाडस मुळीच नव्हते, कारण काळ्याला निवडीला जागाच नव्हती. जी७ चे प्यादे जी६ वर असते तर राजा हत्तीला न मारता जी७ वर सरकला असता आणि हा बेत फसला असता. हाच मनसुबा मोठ्या सामन्यातही दिसतो. १९६६ साली विश्वविजेतेपदाच्या सामन्यातील दहाव्या डावात टिग्रान पेट्रोसियन ह्यांनी बोरिस स्पास्की ह्यांच्याविरुद्ध एच८ वर चक्क वजीर दिला. राजाने तो घेतला असता घोडा एफ७ वर येऊन शहासह जी५ वरील वजीर जिंकणार होता. स्पास्की ह्यांनी तेथेच डाव सोडला. ज्याने वरचे लहान कोडे मनापासून सोडवले आहे, त्याला त्या डावाचे मर्म समजण्यास वेळ लागणार नाही.

प्रतिपक्षाच्या बाजूने

कोडे सोडवताना नवशिक्याची सर्वांत मोठी अडचण वेगळीच असते. तो स्वतःच्या खेळी नीट शोधतो. प्रतिपक्षाने मात्र आपल्या सोयीची खेळी करावी अशी त्याची मनोमन अपेक्षा असते. 'मी येथे जाईन, मग तो तेथे जाईल' असे तो म्हणतो. पण तो तेथेच का जाईल, हे विचारीत नाही. शहाला काटशह असतो ही म्हणण्यापुरती गोष्ट नव्हे. प्रत्येक खेळीनंतर मनातल्या मनात पट फिरवून प्रतिपक्षाच्या खुर्चीत बसावे आणि त्याच्या वतीने सर्वांत चांगले उत्तर शोधावे.

तिसरे कोडे. पांढरा : राजा जी१, वजीर सी४, घोडा जी५, प्यादी एफ२, जी२, एच२. काळा : राजा एच८, वजीर बी२, हत्ती डी८, प्यादी जी७, एच७. पांढऱ्याने चार खेळींत मात करावी.

शह दोन आहेत : वजिराने जी८ वर आणि घोड्याने एफ७ वर. वजिराने जी८ वर शह दिला तर? काळ्याने हत्तीने वजीर मारला की घोडा एफ७ वर येऊन मात होईल. राजाभोवतीची सर्व घरे त्याच्याच मोहऱ्यांनी कोंडलेली असतील. येथे नवशिका हर्षाने उत्तर लिहून मोकळा होतो. पण खुर्ची बदला. वजीर हत्तीनेच का मारावा? जी८ वर पांढऱ्याचा दुसरा कोणताच रोख नाही. राजाच वजिराला खाऊन टाकतो.

ही वाट बंद झाली. परंतु तिने एक उपयोगी गोष्ट दाखवली. जी८ वर घोड्याचा रोख असता तर राजाला वजीर घेता आला नसता. घोड्याचा रोख जी८ वर कोठून पडेल? एच६ वरून. आता कोडे स्वतःच उलगडू लागते. पहिली खेळी : घोडा एफ७, शह. राजाला जी८ वर जावे लागते. दुसरी : घोडा एच६. घोडा वाटेतून दूर होताच मागून वजिराचा शह बसतो, आणि घोड्याचाही. असा दुहेरी शह बसला असता एक मोहरे मारून किंवा आड येऊन भागत नाही. राजाला हलावेच लागते. तो एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर येऊन लगेच मात. म्हणून तो एच८ वर परततो. तिसरी : वजीर जी८, शह. आता राजाला वजीर घेता येत नाही. हत्तीलाच घ्यावा लागतो. चौथी : घोडा एफ७, मात. ज्या हत्तीने राजाला वाचवावयाचे, त्यानेच त्याचे शेवटचे मोकळे घर अडवले.

ही मात फार जुनी आहे. १४९७ साली स्पेनमधील सालामान्का येथे छापलेल्या लुसेना ह्यांच्या पुस्तकात ती आढळते. सव्वापाचशे वर्षे लोटली, तरी आजही ती डावांत घडते, कारण राजे आजही प्याद्यांच्या मागे जाऊन कोपऱ्यात बसतात.

अभ्यासू वाचकाच्या ध्यानात आले असेल की, दुसऱ्या खेळीला घोड्याने एच६ ऐवजी डी८ वरील हत्ती मारला असता, तरी वजिराचा शह बसला असता आणि एक हत्तीही मिळाला असता. ती खेळी वाईट नाही. तिनेही डाव जिंकता येतो. पण मात एका खेळीने लांबते. एक चांगली खेळी सापडली म्हणजे तेथेच न थांबता आणखी चांगली आहे काय ते पाहावे, ही सवय अशाच ठिकाणी लागते.

नजरेआड होणारी खेळी

मनाची आणखी एक खोड सांगणे आवश्यक आहे. काही खेळी आपण तपासून नाकारीत नाही. त्या आपल्याला दिसतच नाहीत. वजीर अशा घरी नेणे की जेथे तो सरळ मारला जाईल, ही अशीच एक खेळी.

१९१० साली व्हिएन्ना येथे रिचर्ड रेटी आणि सावेली टार्टाकोवर ह्यांच्यात झालेला एक छोटा डाव ह्या दृष्टीने प्रसिद्ध आहे. आठ खेळींनंतर स्थिती अशी होती. पांढरा : राजा सी१, वजीर डी३, हत्ती डी१ व एच१, उंट डी२ व एफ१, घोडा जी१, प्यादी ए२, बी२, सी२, एफ२, जी२, एच२. काळा : राजा ई८, वजीर ई५, हत्ती ए८ व एच८, उंट सी८ व एफ८, घोडे बी८ व ई४, प्यादी ए७, बी७, सी६, एफ७, जी७, एच७. काळ्याजवळ एक घोडा जास्त आहे. ई४ वरील घोडा वजिराने घ्यावा तर त्याला काळ्या वजिराचा आधार आहे. मग पांढऱ्याने काय करावे?

रेटी ह्यांनी वजीर डी८ वर नेला. राजाला तो घ्यावाच लागला. मग उंट डी२ वरून जी५ वर गेला. उंट बाजूला होताच डी१ वरील हत्तीचा शह उघडला, आणि उंटानेही शह दिला. पुन्हा तोच दुहेरी शह. राजा ई८ वर परतला असता हत्ती डी८ वर येऊन मात होते. त्या हत्तीला जी५ च्या उंटाचा आधार असतो. टार्टाकोवर राजाला सी७ वर घेऊन गेले, तर उंटाने डी८ वर येऊन मात केली, आणि त्या उंटाला हत्तीचा आधार होता. अकराव्या खेळीला डाव संपला. वजिराचा बळी दिसण्यास विलक्षण आहे. पण 'सर्व शह मोजावेत' हा नियम पाळणाऱ्याच्या यादीत तो आपोआप येतो. ज्याच्या यादीत तो येत नाही, त्याला पुढचे काहीच दिसणार नाही.

अभ्यास कसा करावा

कोडी निवडताना ती आपल्या कुवतीला धरून असावीत. आरंभी एका खेळीत मात, मग दोन खेळींत मात, मग मोहरे जिंकण्याची कोडी, अशा पायऱ्या चढाव्यात. एक प्रकार घेऊन त्याची पुष्कळ उदाहरणे सोडवावीत : आज दुहेरी मारा, उद्या जखडलेले मोहरे, परवा उघडणारा शह. सर्व प्रकार ओळखीचे झाल्यावर मग सरमिसळ कोडी घ्यावीत, कारण खऱ्या डावात प्रकाराचे नाव सांगणारे कोणी नसते.

सोडवताना मोहऱ्यांना हात लावू नये. संपूर्ण उत्तर, म्हणजे आपली प्रत्येक खेळी आणि प्रतिपक्षाची प्रत्येक महत्त्वाची उलटखेळी, आधी मनात उभी करावी. मग ती वहीत लिहावी. आणि त्यानंतरच छापील उत्तराशी ताडून पाहावी. आज संगणकावर आणि खिशातल्या फोनवर हजारो कोडी विनासायास मिळतात. ही सोय मोठी आहे. पण तिच्यात एक मोह आहे. तेथे पहिली खेळी दाबून पाहिली की ती बरोबर की चूक हे तत्क्षणी कळते. मग विचार करण्याऐवजी अंदाज करण्याची सवय जडते. अंदाज बरोबर ठरला तरी शिकणे झालेले नसते. पहिली खेळी बरोबर, पण प्रतिपक्षाचे खरे उत्तर दिसले नव्हते, असे झाले तर ते कोडे सुटले नाही असेच वहीत लिहावे. वहीशी खोटे बोलणाऱ्याला पटावर कोणी वाचवू शकत नाही.

एखादे कोडे दहा-पंधरा मिनिटांत सुटले नाही तर उत्तर पाहण्यास संकोच करू नये. मात्र उत्तर पाहिल्यावर आपण कोठे अडलो ते शोधावे. खेळी दिसलीच नव्हती काय? दिसली, पण बळी पाहून सोडून दिली काय? की प्रतिपक्षाची उलटखेळी निसटली? चूक कोणत्या जातीची ह्याची नोंद महिनाभर ठेवली, तर आपल्या नजरेला नेमके काय दिसत नाही ह्याचा नकाशाच तयार होतो. न सुटलेली कोडी आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने सोडवावीत. रोज अर्धा तास आणि पाच-सहा कोडी एवढा नेम पुरे. आठवड्यातून एकदा बसून पन्नास सोडवण्यापेक्षा तो अधिक फळ देतो.

कोडे आणि डाव

येथवर वाचून एखादा चिकित्सक वाचक विचारील की, कोड्याखाली 'पांढऱ्याने जिंकावे' असे लिहिलेले असते. डावात तसे कोण सांगणार? आक्षेप रास्त आहे. कोडी उत्तम सोडवणारे कितीतरी खेळाडू डावात तीच संधी समोर आली असता निघून जातात, कारण तेथे थांबून पाहण्याची सूचना देणारे कोणी नसते.

म्हणून कोड्यातील रीत डावात नेण्याची स्वतंत्र सवय लावावी लागते. प्रतिपक्षाने खेळी केली की हात पुढे करण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि विचारावे : ह्या खेळीने काय बदलले? कोणते घर सुटले, कोणते मोहरे निराधार झाले? मग शह, मार, धमकी हा क्रम दोन्ही बाजूंनी पाहावा. आधी प्रतिपक्षाचा, मग आपला. हा शेवटचा भाग नवशिके बहुधा गाळतात. कोड्यांच्या संग्रहात आपण नेहमी मात करणाऱ्याच्या बाजूला असतो. डावात निम्म्या वेळी आपण दुसऱ्या बाजूला असतो.

आता पहिल्या कोड्याची मूळ मांडणी पुन्हा पटावर घ्या, पण खेळी काळ्याची आहे असे समजा. बी२ वरील हत्तीसमोर ए२ चे प्यादे निराधार उभे आहे. ते फुकट मिळण्यासारखे दिसते. ते घेतले तर काय होईल, हे वाचकाला आता सांगावयास नको. काळ्याने एच७ चे प्यादे एक घर पुढे सरकवावे. त्या खेळीत शह नाही, मार नाही, बळीचा थाट नाही. कोणत्याही संग्रहात ती कोडे म्हणून छापली जाणार नाही. पण राजाला एच७ हे घर मोकळे होते, पांढऱ्याची मात टळते, आणि ए२ वरील रोख तसाच राहून पांढऱ्यालाच ते प्यादे राखण्याची चिंता लागते. पुढील कोड्यांकडे वळण्यापूर्वी वाचकाने येथील तिन्ही कोडी अशीच काळ्याच्या बाजूने मांडून पाहावीत, आणि दुसऱ्या व तिसऱ्या स्थितीत खेळी काळ्याची असती तर त्याने काय करावे ह्याचे उत्तर वहीत लिहावे.